इस्त्रीतला निखारा आणि बल्बमधली तार

बाई, नमस्कार. आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. मागच्या आठवड्यात माळा साफ करताना जुन्या सामानात एक पिवळा बल्ब निघाला, सासऱ्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला. लावून पाहिला तर लागला! तेव्हापासून धाकटीनं (वय सहा, पहिलीत) डोकं खाल्लंय. ‘आत आग आहे तर धूर कुठे जातो?’ ‘काच का जळत नाही?’ आणि काल झोपता झोपता, ‘दिव्याचा शोध लागायच्या आधी त्या शोधवाल्या काकांना रात्री दिसायचं कसं?’ मी एडिसनचं नाव सांगितलं, तर चौथीतला मोठा म्हणतो, ‘चूक, स्वान नावाच्या माणसानं आधी लावला.’ मी कॉमर्सची, नवराही कॉमर्सचा. मुलांना खोटं सांगायचं नाहीये आणि डोक्यावरून जाईल असंही नको. काय सांगू?
— एक आई, विक्रोळी

तुमच्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. परळच्या महापालिकेच्या शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. ‘विजेच्या दिव्याचा शोध कोणी लावला?’ हा प्रश्न दरवर्षी एका मार्काला काढला, आणि दरवर्षी पन्नास मुलांनी एकच नाव लिहून तो मार्क खिशात घातला. धूर कुठे जातो, हे मात्र कुणी विचारलं नाही. मलाही कधी सुचलं नाही. खरी गोष्ट त्या नसलेल्या धुरातच आहे.

म्हणून तिला आधी नाव सांगू नका, सालही सांगू नका. संध्याकाळी तिला खाली इस्त्रीवाल्याकडे घेऊन जा. कोळशाची इस्त्री वापरणारा गाठा, कारण हल्ली बऱ्याच जणांनी गॅसची घेतलीय. तो कोळसे घालायला इस्त्रीचं झाकण उघडेल तेव्हा तिला लांबूनच आत बघू द्या. मग घरी येऊन पुढचं वाचून दाखवा. हे तिच्यासाठी लिहिलंय.

बाळा, इस्त्रीत लाल लाल काय दिसलं? निखारे. निखारा म्हणजे खूप तापलेला कोळसा. कुठलीही वस्तू खूप खूप तापली की ती स्वतःच उजेड द्यायला लागते. आधी काळपट लाल, मग केशरी, मग पिवळा. लोहाराकडचं लोखंडही असंच उजळतं. त्यातून ज्वाळा निघत नाही, तरी ते चमकतं.

पण काकांच्या कोळशाचं शेवटी काय होतं? राख होते. का होते? कारण हवा त्याला खाते. काका पुठ्ठ्यानं वारा घालतात तेव्हा तो जास्त लाल होतो आणि लवकर संपतोही, कारण त्याला खायला आणखी हवा येते. आता असं समज, कोळसा तापवून लाल केला, पण त्याच्याभोवती हवाच ठेवली नाही. मग त्याला खाणार कोण? कुणीच नाही. तो नुसता उजळत बसेल. राख नाही, धूर नाही.

तुझ्या आजोबांच्या बल्बमध्ये हेच चाललंय. आत केसासारखी बारीक तार आहे. ती तापून पिवळी होते, पण जळत नाही. म्हणून धूर कुठे जातो याचं उत्तर असं, की धूर होतच नाही. बाहेरची काच कशाला? कंदिलाला काच असते ती वाऱ्यानं ज्योत विझू नये म्हणून, आणि त्या काचेखाली हवा आत यायला वाट ठेवलेली असते. बल्बच्या काचेचं काम बरोबर उलटं. हवेला आत येऊच द्यायचं नाही.

(इथे वाचन थांबवून एक प्रयोग करा. ताटलीत छोटी मेणबत्ती लावून तिच्यावर काचेचा ग्लास पालथा घाला. ज्योत बारीक होत होत विझेल. ज्योतीला जगायला हवा लागते हे तिला दिसेल. मेणबत्ती तुम्हीच लावा, ग्लास गरम होतो. आणि प्रयोगाला देवापुढचं निरांजन घेऊ नका. एकदा आमच्या शेजारच्या मुलानं माझं ऐकून घरच्या निरांजनावर ग्लास ठेवला होता. त्याची आजी मला आठ दिवस जिन्यात गाठून सुनावत होती.)

मग तार तापते कशानं? तू दादर स्टेशनवर संध्याकाळी गेलीयेस ना? फलाट रुंद असतो तिथे माणसं सुटसुटीत चालतात. पण पुलाच्या अरुंद जिन्यापाशी आली की सगळे एकमेकांवर आदळतात, ढकलतात, घामाघूम होतात. वीजही तशीच. भिंतीतली तांब्याची तार म्हणजे रुंद फलाट. तिच्यातून वीज आरामात जाते. बल्बमधली बारीक तार म्हणजे दादरचा जिना. तिथे विजेची एवढी दाटी होते, की तार तापून उजळायला लागते.

वाचन संपलं. हे आता तुमच्यासाठी. दादरच्या जिन्याचा दाखला शंभर टक्के बरोबर नाही. तारेतून धावतात ते इलेक्ट्रॉन, आणि ते काही सहा वाजताची बदलापूर लोकल पकडायला निघालेले नसतात. पण बारीक तार विजेला जास्त अडवते आणि त्या अडवण्यातून उष्णता निघते, एवढा गाभा खरा आहे. मोठी झाली की ती ‘रोध’ हा शब्द शिकेल, तेव्हा तिला जिना आठवेल.

काच का जळत नाही? एक तर काच ही जळणारी वस्तूच नाही. वितळायला हवी होती म्हणाल, तर तार बरोबर मध्यावर असते आणि काच चारही बाजूंनी लांब राखलेली असते. आतली तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली असली, तरी काचेपर्यंत पोचते ती त्यातली थोडीच आच. पण ती थोडी म्हणजे हात भाजण्याइतकी. तुमच्या त्या बल्बला मुलीचा हात लागू देऊ नका, आणि पाणी तर अजिबात नको. पाण्याचं मी स्वानुभवानं सांगते.

आमची लालबागची खोली दहा बाय बारा. माणसं सात आणि बल्ब एक, चाळीस वॉटचा. वडील गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातायच्या विभागात. एका संध्याकाळी आई भाकरीचं पीठ मळत होती आणि मी ओल्या हातानं भावावर पाणी उडवत होते. दोन थेंब बल्बवर गेले. फट्ट! खोलीत काळोख झाला आणि काचेचा चुरा परातीत पडला. त्या रात्री भाकरी झाली नाही. गरम काचेवर गार पाणी पडलं की बाहेरची बाजू एकदम आक्रसते, आतली तशीच फुगलेली राहते, आणि त्या ओढाताणीत काच तडकते. हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. त्या रात्री एवढंच कळलं, की महिन्याची तीन तारीख आहे आणि गिरणीचा पगार दहाला होतो. सात रात्री आम्ही कंदिलावर काढल्या. कंदिलाची काच रोज राखेनं पुसायची शिक्षा मला मिळाली.

आमच्याकडे बल्ब फुटायचा क्वचित, उडायचा मात्र नेहमी. उडाला म्हणजे आतली तार तुटली. वडील तो लगेच टाकायचे नाहीत. बल्ब कानापाशी धरून हलक्या हातानं हलवायचे, तिरका करायचे, पुन्हा हलवायचे. तुटलेली दोन टोकं एकमेकांत अडकली, की लगेच होल्डरमध्ये लावून बटण दाबायचे. टोकं जागच्या जागी चिकटायची आणि बल्ब लागायचा. गंमत म्हणजे आधीपेक्षा जास्त लख्ख! आम्हाला वाटायचं, वडिलांच्या हाताचा गुण. कारण साधं होतं. अडकल्यामुळे तार थोडी आखूड होते, अडवणूक कमी होते, वीज जास्त वाहते, तार जास्त तापते. असा बल्ब चार-सहा दिवस ऐटीत जळायचा आणि कायमचा जायचा. (मी ‘जळायचा’ लिहिलं बघा. एवढं समजावूनही जिभेवरची सवय जात नाही. धाकटीनं पकडलं तर कबूल करा, बाई चुकल्या म्हणून.)

आता रात्री दिसायचं कसं? हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. एडिसनसाहेबांना दिसायचं ते तेलाच्या आणि गॅसच्या दिव्यांनी. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात मेन्लो पार्क नावाच्या गावी त्यांची प्रयोगशाळा होती. तिच्या आवारात एक लाकडी खोपटं होतं. तिथे घासलेटचे दिवे मुद्दाम धूर करत लावून ठेवायचे आणि काचांवर साठलेली काजळी खरवडून काढायचे. ती काजळी टेलिफोनच्या भागांसाठी लागायची, पुढे दिव्याच्या प्रयोगांतही ती वापरून पाहिली गेली. तुमच्या सासूबाईंनी निरांजनावर ताटली धरून काजळ पाडलं असेल, तर मुलीला म्हणावं, ते काका आधी काजळच पाडत होते! आपला ‘घासलेट’ हा शब्दही उजेडाचाच, इंग्रजी ‘गॅसलाइट’ आपल्या तोंडात बसून झालेला.

आता मोठ्याकडे वळू. चौथीतल्या मुलाला बाजू घ्यायला आवडतं, त्यामुळे जपून. विजेचा पहिला उजेड या दोघांपैकी कुणाचाच नव्हता. इटलीच्या व्होल्टानं १८०० साली बॅटरी जगापुढे आणली, आणि त्यानंतर काही वर्षांतच लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीनं कोळशाच्या दोन कांड्यांमधून विजेची ठिणगी सतत चालू ठेवून दाखवली. डोळे दिपवणारा उजेड! पण असला दिवा दहा बाय बाराच्या खोलीत लावला तर माणसं बाहेर पळतील. चौक, नाटकगृह, दीपस्तंभ यांच्यापुरता तो ठीक होता. अडचण होती ती छोटा, सौम्य, घरातला दिवा करायची.

ब्रिटनमध्ये न्यूकॅसलला जोसेफ स्वान हे रसायनवाले गृहस्थ होते. तापून उजळणारा कोळशाचा धागा काचेत ठेवायचा, ही कल्पना घेऊन ते एडिसनच्या कितीतरी आधीपासून बसले होते. अडलं कुठे? हवेपाशी. त्या काळचे पंप काचेतली हवा पुरती काढू शकत नव्हते. थोडी हवा उरायची आणि धागा खाऊन टाकायची. १८६५ साली हर्मन श्प्रेंगेल यांनी पाऱ्याचा पंप केला. बारीक नळीतून पाऱ्याचे थेंब पडतात आणि प्रत्येक थेंब हवेचा एक बुडबुडा आपल्यापुढे ढकलत नेतो. थेंबे थेंबे हवा रिकामी! या पंपाचं नाव शाळेच्या पुस्तकात मला कधी दिसलं नाही, आणि माझ्या मते बल्बच्या गोष्टीत एडिसनइतकाच मान त्याला द्यायला हवा. पंप आल्यावर स्वान यांचं काम पुढे सरकलं आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांनी न्यूकॅसलला भरसभेत दिवा लावून दाखवला. तेव्हा मोठ्याचं म्हणणं खरं आहे.

पण त्याच्या आईचंही खोटं नाही. एडिसननं आधी प्लॅटिनमची तार वापरली. एक तर महाग, त्यात वितळायची. मग गडी कोळशाकडे वळला. ऑक्टोबर १८७९ मध्ये त्याच्या माणसांनी शिवणकामाचा साधा सुती दोरा घेतला, घोड्याच्या नालासारखा वाकवला आणि बंद भांड्यात, हवा न लागू देता भाजला. आपल्याकडे लोणारी लाकडं मातीखाली झाकून कोळसा पाडतात, तसाच हा दोऱ्याचा कोळसा. तो काचेत ठेवून हवा काढली आणि वीज सोडली. २१ तारखेच्या रात्रीनंतर लावलेला तो दिवा तेरा-चौदा तास चालला. गिरणीवाल्याची पोर म्हणून मला या दोऱ्याचं भारी कौतुक. वर्गात हे सांगताना मी ओच्यातून दोऱ्याचं रीळ काढून टेबलावर ठेवायची. अर्धी पोरं त्रासन खात्यातल्यांची असायची. मागच्या बाकांवरचीही मान वर करायची.

दोऱ्यानंतर जाड कागद आला. मग एकदा एडिसनचं लक्ष टेबलावरच्या हातपंख्याच्या काठाकडे गेलं. त्याला बांबूची पट्टी होती. ती भाजून पाहिली, तर दोऱ्याहून कितीतरी चिवट. लगेच माणसं बांबू शोधत देशोदेशी निघाली आणि जपानमधला एक बांबू सगळ्यांत चांगला ठरला. त्या धाग्याचे बल्ब बाराशे तासांपर्यंत चालले. कोळशाचे असे धागे चांगले कसे बनवायचे, याच्या रीतीवर लुईस लॅटिमर या कृष्णवर्णीय अमेरिकन तंत्रज्ञानं १८८२ साली पेटंट मिळवलं. आज ज्याला आपण जुना पिवळा बल्ब म्हणतो, त्यात बांबूही नाही आणि दोराही नाही. टंगस्टन नावाच्या धातूची तार आहे. ती वितळायला ३४२२ अंश लागतात. हा धातू फार ठिसूळ. त्याची लवचीक तार ओढायची युक्ती विल्यम कूलिज यांना १९१० च्या सुमारास साधली. पुढे आत पोकळीऐवजी असा वायू भरायला लागले, जो तारेला खात नाही.

एडिसनचं मोठेपण मला बल्बपेक्षा दुसरीकडेच दिसतं. नुसता बल्ब हातात देऊन उपयोग काय? तो लावणार कुठे? आपण बटण दाबतो त्याच्यामागे वीजघर, जमिनीखालची तार, फ्यूज, मीटर, सगळं लागतं. एडिसननं ते सगळं उभं केलं. ४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरच्या वीजघरातून पहिले चारशेच्या आसपास दिवे लागले. तिथल्या वीज करणाऱ्या यंत्राचं नाव होतं जंबो, सर्कशीतल्या त्या काळच्या एका प्रसिद्ध हत्तीवरून. वजन सत्तावीस टन. राणीच्या बागेतला हत्ती बघितलेल्या मुलांना हे एवढं एकच लक्षात राहतं, राहू द्या. स्वान आणि एडिसन यांच्या भांडणाचं म्हणाल, तर ब्रिटनमध्ये १८८३ साली दोघांनी मिळून एकच कंपनी काढली. आता मायलेकांत वाद नको.

‘मी हरलो नाही, न चालणाऱ्या इतक्या हजार रीती शोधल्या’ असं अपयशाबद्दल एडिसनच्या नावावर जे वाक्य भिंतींवर टांगतात, ते मी कधी फळ्यावर लिहिलं नाही. प्रत्येक भिंतीवर फसलेल्या प्रयोगांचा आकडा वेगळा! त्यापेक्षा हातपंख्याची गोष्ट बरी.

बाई, माझं वय अठ्ठ्याहत्तर, त्यामुळे ‘बाई’ म्हणायला जरा संकोच वाटतो, पण सदराची रीत पाळतो. नातू विचारतो, मुंबईत विजेचा दिवा पहिल्यांदा कुठे लागला. मी म्हटलं ताजमहाल हॉटेलात. सूनबाई म्हणतात क्रॉफर्ड मार्केटात. पैज लागली आहे. हरणाऱ्यानं सगळ्यांना पियूष पाजायचं. निकाल द्यावा.
— एक आजोबा, गिरगाव

आजोबा, पियूष तुमच्याकडून.

ताजमहाल हॉटेल १९०३ च्या डिसेंबरात उघडलं आणि विजेच्या दिव्यांनी झगमगलं हे खरं. पण क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे आताच्या महात्मा जोतिबा फुले मंडईत, विजेचे दिवे १८८२ सालीच लागले होते. वर मी पर्ल स्ट्रीटचं साल लिहिलंय ते नातवाला दाखवा, तेच साल. तिकडे न्यूयॉर्कला जंबो फिरायला लागला आणि इकडे आपली फळवाली विजेच्या उजेडात आंबे मोजत होती.

सूनबाईंना फार चढू मात्र देऊ नका. तो उजेड टिकला नाही. दिवे लावणारी कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे आले. गॅस तेव्हा मुरलेला होता. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसबत्त्या १८६५ साली आल्या, तेव्हा दिवे लावत जाणाऱ्या माणसांच्या मागे बघ्यांचा घोळका खांबाखांबानं चालायचा म्हणतात. नवी वस्तू जुन्या वस्तूला एका रात्रीत हटवते, असं पुस्तकात दिसतं. मंडईत तसं झालं नाही. विजेला पुन्हा यायला वीसेक वर्षं लागली. बेस्टची मूळची कंपनी १९०५ ची, तिचं वीजघर वाडीबंदरला. ७ मे १९०७ ला विजेची पहिली ट्राम धावली. मग १९१५ साली खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या तलावांत सह्याद्रीचा पाऊस साठवायचा, मोठ्या नळांतून घाटाखाली सोडायचा, त्या जोरावर चाकं फिरवायची आणि वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे. नातवाला घेऊन खोपोलीला गेलात तर डोंगरावरून उतरलेले ते नळ दाखवा. आषाढातला पाऊस तारेतून घरी येतो, यावर सात-आठ वर्षांची मुलं आधी विश्वास ठेवत नाहीत आणि मग दिवसभर दुसरं काही बोलत नाहीत.

गिरण्यांचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगते. पैजेशी तिचा संबंध नाही. विजेचे दिवे येण्याआधी गिरणीची पाळी उजाडताना सुरू व्हायची आणि अंधार पडला की सुटायची. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत दिवे लागले आणि मालकांनी कामाचे तास चौदा-पंधरावर नेले. उजेड आहे ना, मग चालू द्या साचे (म्हणजे माग)! कामगार चिडले, गिरण्यांत गडबड झाली, चौकशी आयोग बसला, आणि १९११ च्या कायद्यानं कापड गिरण्यांत पुरुषांचे तास बारावर आणले. माझे आजोबा कोकणातून येऊन गिरणीत लागलेले. वडील त्यांचं बोलणं सांगायचे, ‘पूर्वी संध्याकाळ झाली की घरी यायचो. दिवे आले तशी संध्याकाळच गेली.’ बल्बचा धडा शिकवताना मी हे सांगायची. हेडमास्तरांनी एकदा विचारलं होतं, हे अभ्यासक्रमात कुठे आहे? अभ्यासक्रमात नव्हतं. पोरांच्या घरात होतं.

पियूषची पैज जिंकल्याबद्दल सूनबाईंना एक बक्षीस. क्रॉफर्ड मार्केटातून बाहेर पडून चालत लोहार चाळीत जा. विजेच्या सामानाचा सगळा बाजार तिथेच भरलाय. जुना पिवळा, दोन पिनांचा बल्ब आणि टॉर्चचा चिमुकला बल्ब दोन्ही तिथे विचारून बघा. टॉर्चचा बल्ब, एक सेल आणि वीतभर तार एवढ्यावर नातू घरातल्या घरात आपला पर्ल स्ट्रीट उभारू शकतो. भिंतीतल्या विजेला मात्र हात लावायचा नाही. सेलची वीज ती मुलांची, भिंतीतली ती वायरमनची.

बाई, माझ्या टीचर म्हणाल्या की एलईडीमध्ये तार नसते आणि तो थंड असतो. पण मी हात लावला तर खालून गरम लागला. म्हणजे टीचर चुकल्या ना?
— इयत्ता तिसरी, भांडुप

अर्ध्या चुकल्या, अर्ध्या बरोबर. आणि लागलेल्या बल्बला हात लावलास म्हणजे पूर्ण चुकलास तू! पुन्हा नाही लावायचा.

जुन्या बल्बमध्ये आधी तार तापवायची आणि मग तिच्याकडून उजेड मागायचा. त्यामुळे शंभर रुपयांची वीज घातली तर पाच-सात रुपयांचाच उजेड मिळायचा, बाकीचे पैसे तापण्यात जायचे. एलईडीत तार नाहीच. डाळीच्या दाण्याहून छोटा एक तुकडा असतो, त्यातून वीज गेली की उजेडासाठी आधी तापावं न लागता तो सरळ उजेड देतो. म्हणून साठ वॉटच्या पिवळ्या बल्बचं काम नऊ-दहा वॉटचा एलईडी करतो. पण सगळी वीज काही उजेड होत नाही. थोडी उष्णता त्या तुकड्यात आणि खालच्या बुडात बसवलेल्या छोट्या यंत्रणेत होते, आणि ती बाहेर पडावी म्हणून बूड तसं बनवलेलं असतं. तुला गरम लागलं ते तेच.

तांबडा एलईडी १९६२ साली झाला, पण घरात लावायला पांढरा उजेड हवा आणि त्यासाठी निळा एलईडी लागतो. तो नीट जमायला आणखी तीस वर्षं गेली. ज्या तिघांनी तो जमवला, अकासाकी, अमानो आणि नाकामुरा, त्यांना २०१४ साली नोबेल मिळालं. निळ्याचा पांढरा कसा होतो, ते तुला डोळ्यांनी बघता येईल. घरातला एखादा बंद पडलेला एलईडी बल्ब घे. बाबांना तो होल्डरमधून काढून एक दिवस बाजूला ठेवायला सांग. मग वरची पांढरी टोपी बाबांनाच काढू दे. आत बोट घालायचं नाही, नुसतं बघायचं. गोल चकतीवर पिवळे ठिपके दिसतील. त्या पिवळ्या थराखाली निळा उजेड देणारा तुकडा असतो, आणि निळा नि पिवळा मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. एखाद्या ठिपक्यावर काळा डाग असला तर बहुतेक तोच बिघडलाय, आणि त्या एकामुळे सगळा बल्ब बंद पडला असेल.

ठिपके किती निघाले ते मोजून पुढच्या पत्रात कळव. टीचरनाही सांग.